बटणावरचा अंगठा

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. जेवतानासुद्धा मी दोनदा उठते, एकदा मिठासाठी आणि एकदा उगाच. आणि नोकरी मिळाली ती नेमकी माणसांना हलू न देता बसवायची. धाराशिवातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेली कित्येक वर्षं मी एक मशीन चालवते. त्याला आम्ही फील्डचं मशीन म्हणतो. एखादी मोठी पांढरी कढई कडेवर उभी केल्यासारखं ते दिसतं. पेशंटनं त्यात तोंड घालून हनुवटी टेकवायची, एका डोळ्यावर पट्टी लावायची आणि दुसऱ्या डोळ्यानं मधल्या पिवळ्या ठिपक्याकडं बघत राहायचं. मग आजूबाजूला, कधी वर, कधी खाली, कधी पार कडेला बारीकसा दिवा लागतो आणि विझतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. दाबलं की मशीन टुक करतं. दिसला नाही तर काहीच करायचं नाही. काम एवढंच आहे.

काचबिंदूच्या माणसाला ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. मोतीबिंदू झाला की माणसाला कळतं, सगळं धुरकट होतं, आणि तो काढला की नजर परत येते. काचबिंदूचं तसं नाही. बहुतेकांना तो दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यातला दाब मागच्या नसेवर पडत राहतो, नसेतले धागे एकेक करून मरत जातात आणि नजर कडेकडेनं कमी होते. समोरचं दिसत असतं, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला सगळंच दिसतंय. मेलेला धागा परत जगत नाही. उरलेले वाचवायचे, एवढंच हातात असतं. हे मी रोज दहा जणांना सांगते आणि त्यातले आठ जण मान डोलावून विचारतात, मग पिकला की काढायचा ना? मी चिडते. डॉक्टर मॅडम म्हणतात, तुमचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत येतो.

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते तेरखेड्याचे, म्हणजे फटाक्यांच्या गावचे. अण्णांनी आयुष्यभर वाती केल्या. सुती धागा दारूच्या लगद्यातून काढायचा, उन्हात वाळवायचा, त्यावर कागद गुंडाळायचा. बत्ती लावणाऱ्याला मागं सरकायला किती वेळ मिळणार, हे वात किती वेळ जळते त्यावर असतं. म्हणून प्रत्येक नव्या वातीचा वीतभर तुकडा कापून अण्णा दगडावर पेटवायचे आणि मोजायचे. घड्याळ त्यांनी कधी धरलं नाही. तोंडातल्या तोंडात आकडे, आणि प्रत्येक आकड्याला उजव्या हाताचा अंगठा बोटावर टेकायचा. सोनारीच्या काळभैरवाच्या जत्रेला आमच्याकडून माल जायचा, तेव्हा शेडमधले सगळे म्हणायचे, अण्णांची वात आहे, बिनघोर लावा.

मी सात-आठ वर्षांची असताना एकदा त्यांच्यामागं माळावर गेले होते. भर दुपारी त्यांनी एका शोभेच्या नळ्याची वात पेटवली. उन्हात ठिणगी दिसत नाही. मला वाटलं विझली, आणि बघायला म्हणून मी पुढं निघाले. अण्णांनी माझी वेणी धरली आणि मागं ओढलं. मोजणं त्यांनी थांबवलं नाही. नळा फुसफुसत उसळला तेव्हा ते चौदावर होते. मी वेणी दुखली म्हणून रडत होते आणि ते मला समजावत होते.

"दिसत न्हाय म्हणून विझली म्हणायचं न्हाय, बाई. आकडा पुरा हुईस्तवर ती जळतीच हाय असं धरायचं."

हे मी पुढं सगळीकडं सांगत आले. गॅसवर दूध ठेवलं आणि आच दिसली नाही, तरी मी हात मागं घेते. माझ्या मुलींनासुद्धा पाठ आहे.

तीन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर मी माहेरी गेले होते. कामाचा हंगाम संपला की तेरखेड्यात जरा निवांत असतं, तेव्हाच आमचं जाणं होतं. पहिल्या दिवशी अण्णांच्या हाताचा धक्का लागून चहाची बशी कलंडली. दुसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या. दोन्ही वेळा वस्तू त्यांच्या डाव्या बाजूला होती. आई म्हणाली, हल्ली यांचं ध्यानच नसतं. आणि मी, रोज दहा जणांना काचबिंदू समजावणारी, मीही म्हणाले, "अण्णा, ध्यान कुठं असतंय तुमचं?" तिसऱ्या दिवशी ते शेडच्या दारातून आत जाताना त्यांचा डावा खांदा चौकटीवर आदळला. चाळीस वर्षं ते त्या दारातून जा-ये करत होते. खांदा चोळत ते आत गेले आणि मी अंगणात उभीच राहिले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं येडशीवरून मी त्यांना धाराशिवला घेऊन आले. वाटेत त्यांना सांगितलं की चष्म्याचा नंबर काढायचाय.

मॅडमनी दाब पाहिला, मग बाहुली मोठी करायचं औषध घालून आतली नस पाहिली. नसेच्या मधोमध एक खळगा असतो. नस झिजत गेली की तो खळगा मोठा होतो. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत तो मोठा होता, डाव्यात फार. मॅडम माझ्याशी स्पष्ट बोलल्या. डाव्यातलं जे गेलं ते गेलं. उजवा राखायचा. थेंबांनी दाब उतरवायचा, नजरेच्या तपासणीवर लक्ष ठेवायचं, आणि उजव्याची नजर कमी होतेय असं दिसलं की ऑपरेशन करून दाब आणखी खाली आणायचा. ऑपरेशनलाही धोके आहेत, म्हणून गरज नसताना करायचं नाही. गरज आहे की नाही, हे माझ्या मशीनच्या कागदावरून ठरणार होतं.

तपासणी मीच केली. दवाखान्यात दुसरी मुलगीही ते काम करते, तिला सांगता आलं असतं. पण वडील माझे, मशीन माझं, असा माझा तोरा होता. उजव्या डोळ्याला अण्णांनी बरं केलं. जरा थांबत, जरा बिचकत, पण टुक टुक ऐकू येत होतं. मग पट्टी बदलली आणि डाव्या डोळ्याची सुरू केली. मशीन दिवे लावू लागलं. माझ्यासमोरच्या पडद्यावर मला दिसत होतं, दिवा इथं लागला, आता तिथं. अण्णांचा अंगठा बटणावर होता आणि हलत नव्हता. एक मिनिट गेलं. खोलीत अंधार, पंख्याची घरघर, आणि टुक काही होईना. मी खुर्चीतून उठले, परत बसले, परत उठले. बाहेर बाकावर बारा माणसं खोळंबलेली. शेवटी मला राहवलं नाही.

"अण्णा, झोपलात का? दिवा येतोय की. एक, दोन, की आला. एक, दोन, की आला."

अण्णा दचकले. मग टुक झालं. थोड्या वेळानं परत टुक. मला हायसं वाटलं. मी म्हणाले, असंच करा, आणि खुर्चीवर बसले.

कागद निघाला तेव्हा डावा डोळा मला वाटला होता तेवढा वाईट नव्हता. जिथं दिसत नाही तिथं कागदावर काळं येतं. काळं होतं, पण मधे मधे राखाडी पट्टे होते. खाली एका ओळीत मशीन पेशंटच्या चुकाही छापतं. मधूनच ते दिवा न लावता नुसतं थांबतं, आणि तेवढ्यात कुणी बटण दाबलं तर ते उत्तर खोटं धरतं. अण्णांचा तो आकडा जास्त होता. मी मनाशी म्हणाले, पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं, हात बसला नाही अजून. कागदावर तपासणी करणाऱ्यानं शेरा लिहायचा असतो. मी लिहिलं, सहकार्य चांगले.

त्यानंतरचे महिने मी कशी वागले हे आठवलं की आता लाज वाटते. मला चैन पडत नव्हतं. फोन हातात घेतला की काचबिंदू. नसेच्या पेशी दाब सोसूनही जगाव्यात, यासाठी औषध शोधायचं काम जगभर चाललंय, असं मी वाचलं आणि त्याचा ध्यास घेतला. मॅडमना मी रोज काहीतरी नवीन दाखवायचे. त्या शांतपणे म्हणायच्या की अभ्यास चालू आहेत, काही गोळ्यांबद्दल आशा आहे, पण अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि आज तरी नस वाचवायचा खात्रीचा उपाय दाब उतरवणं हाच आहे. मी पिच्छा सोडला नाही. शेवटी अण्णांच्या बाकीच्या तपासण्या करून, त्यांना चालेल हे बघून, मॅडमनी एक जीवनसत्त्वाची गोळी लिहून दिली. थेंबांच्या जोडीला म्हणून, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

थेंबांच्या बाबतीत अण्णा वक्तशीर. बाटली माठाच्या तिवईखाली ओल्या फडक्यात ठेवायचे. थेंब घातला की डोळा मिटून कोपऱ्यावर बोट दाबून साठपर्यंत मोजायचे. आई फोनवर हसून सांगायची की मोजताना मधे कुणी बोललं तर पहिल्यापासून मोजतात.

सहा महिन्यांनी तपासणी केली. कागद सुधारलेला. त्यापुढच्या वेळी आणखी सुधारलेला. डाव्या डोळ्यातले राखाडी पट्टे पसरले, उजवा तर जवळजवळ स्वच्छ. खोट्या उत्तरांचा आकडा दोन्ही वेळा जास्तच होता. पहिल्यांदा मी तीच तपासणी तासाभरानं परत केली, आकडा थोडा कमी आला, आणि तो कागद फाइलला लावला. दुसऱ्यांदा तर मी त्या ओळीकडं नीट पाहिलंही नाही. शेरा लिहिला, सहकार्य उत्तम. आणि बाहेर येऊन बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आमच्या अण्णांची नस सुधारली, त्या गोळीनं. मेलेला धागा परत जगत नाही, हे रोज दहा जणांना सांगणारी मीच. पेशंट मला गोळीचं नाव विचारू लागले. मी सांगत होते. मला कुणी अडवलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

मग दवाखान्यात नसेचा थर मोजणारं स्कॅनचं मशीन आलं. तिथं बटण नाही, बोलणं नाही, पेशंटनं नुसतं क्षणभर समोर बघायचं. अण्णांचा स्कॅन झाला. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. स्कॅनवर उजव्या डोळ्याच्या नसेचा थर खालच्या बाजूला पार पातळ झालेला होता. तो भाग गेला की वरची नजर जाते. माझ्या कागदावर उजव्याची वरची नजर पांढरीशुभ्र होती.

मॅडमनी विचारलं की ही तपासणी तुम्हीच केली ना. मी म्हणाले, स्कॅनचं मशीन नवीन आहे, बसवताना काहीतरी चुकलं असेल. त्यांनी पेन उलटं करून माझ्या कागदावरच्या त्या खालच्या ओळीवर टेकवलं. मी बघितलं. मग म्हणाले, मी रविवारी गावाकडं जाऊन येते.

रविवार यायला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मी घरातली सगळी भांडी घासून परत मांडली. मुली म्हणाल्या, आई, बस ना जरा. बसले की मला ती ओळ दिसायची. एक मन म्हणायचं की स्कॅनच खोटा, दुसरं म्हणायचं की तू दोन वर्षं काय छापत होतीस.

तेरखेड्यात पोचले तेव्हा अण्णा शेडमागच्या दगडावर वातीचा तुकडा लावत होते. सकाळचं लख्ख ऊन होतं. त्यांनी वात पेटवली, चार पावलं मागं आले आणि दगडाकडं पाठ करून उकिडवे बसले. डोळे मिटलेले. ओठ हलत होते आणि अंगठा बोटावर टेकत होता, एकसारखा. ठिणगी मला दिसत नव्हती, त्यांनी तर बघितलीही नाही. अकराला अंगठा टेकला आणि ते म्हणाले, "झाली." मी दगडाजवळ गेले. वात जळून गेली होती.

मी तिथंच त्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि विचारलं की मशीनमध्ये तुम्ही बटण कधी दाबता. अण्णांना प्रश्नच कळेना. दिवा आला की दाबतो, म्हणाले. मी विचारलं, दिसला की दाबता ना? माझ्याकडं त्यांनी बघितलं ते मान वळवून, पूर्ण वळवून. मान एवढी का वळवतात, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"दिसला तर दाबतोच. न दिसला तर मोजून दाबतो. तूच म्हणलीस की, एक, दोन, की आला म्हणून. आपल्याला दिसत न्हाय म्हणून दिवा न्हायच, असं कसं म्हणावं?"

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. उलट, काम नीट केल्याचं समाधानच होतं. शेडमध्ये जो चुकतो त्याचा हात जातो. अण्णा चाळीस वर्षं चुकले नव्हते, ते न दिसणारी ठिणगी जळतीच आहे असं धरून चालत आले म्हणूनच. मशीनमध्येही ते तसंच वागले. ते पहिलं एक मिनिट, जेव्हा टुक होत नव्हतं आणि मी खुर्चीतून उठत बसत होते, तेवढं एकच मिनिट त्या डोळ्यानं मला खरं सांगितलं होतं. आणि मी ते मोडलं. माझ्या तोंडून निघालेल्या दोन आकड्यांवर अण्णांनी दोन वर्षं बटण दाबलं होतं.

मला रडू आलं. अण्णा घाबरले. ते म्हणाले, का गं माय, नापास झालो का? मी म्हणाले, न्हाय अण्णा, म्या झाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बारूदीचा वास असलेला तो हात मला नेहमी आवडतो. त्या दिवशी तो डोक्यावर नको वाटला.

सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं. आकडे मी सांगितले होते हे, एक तपासणी परत केली होती हे, आणि बाकावरच्या माणसांत गोळीचा प्रचार केला हेही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या की शेरा वाचून त्या खालच्या ओळीकडं त्यांचंही दुर्लक्ष झालं, चूक त्यांचीही आहे. मग त्यांनी मला फोन करायला बसवलं. माझ्याकडून ज्यांनी ज्यांनी गोळीचं नाव नेलं होतं, त्या सगळ्यांना मी फोन केले. जळकोटच्या एक मावशी म्हणाल्या, थेंबानं डोळा चुरचुरतो म्हणून ते महिन्यापूर्वी बंद केले आणि तुझी गोळी तेवढी चालू ठेवली. मी त्यांना हात जोडून सांगितलं, थेंब आजपासून परत सुरू करा आणि उद्या दवाखान्यात या. फोनवर हात जोडलेले दिसत नाहीत, हे कळूनही जोडले. मावशी आल्या. त्यांचा दाब चढलेला होता. वेळेत आल्या, असं मॅडम म्हणाल्या, पण तो चढलेला आकडा मी विसरलेले नाही.

आणि अण्णांची तपासणी परत ठरली. मी मॅडमना म्हणाले, दुसऱ्या मुलीला सांगा. मॅडम म्हणाल्या, ते तुमचं सांगितलेलं ऐकतात, तुम्हीच सांगितलेलं तुम्हीच काढून घ्या.

एसटीतून उतरल्यापासून मी अण्णांना समजावत होते. म्हणाले, ही वात नाही. इथं न दिसलेल्या दिव्यानं कुणाचा हात जाणार नाही. इथं उलटं आहे, न दिसलेला दिवा तुम्ही दिसला म्हणून सांगितलात तर तुमचा डोळा जाईल. अण्णा ऐकत होते. त्यांना ते पटायला जड जात होतं, हे मला कळत होतं. दवाखान्याच्या पायरीवर ते थांबले आणि विचारलं की दिसत नसलं तर नुसतं गप बसायचं? मी म्हणाले, व्हय, गप बसायचं, तेच खरं उत्तर हाय.

खोलीत गेल्यावर मी त्यांचा उजवा अंगठा हातात धरला आणि बटणावर ठेवायच्या आधी म्हणाले, मोजू नका. त्यांनी मान हलवली. उजव्या डोळ्यापासून सुरुवात केली. टुक झालं, परत झालं, मग नाही. पडद्यावर वरच्या भागात दिवा लागला, नाही. तिथंच, जरा जास्त उजळ, नाही. खाली लागला, टुक. मधे लागला, टुक. वर परत, नाही. मी दात आवळून बसले होते. दोन वर्षं जिथं मी पांढरंशुभ्र छापलं होतं तिथं काहीच नव्हतं. पण मधलं होतं, खालचं होतं. प्रत्येक टुक खरं होतं, आणि ते मला फार थोडं वाटत होतं. मग मी पट्टी बदलली.

डाव्या डोळ्याला मशीन दिवे लावू लागलं. वर, खाली, कडेला, मधे. प्रत्येक दिवा मला माझ्या पडद्यावर दिसत होता. अण्णांचा अंगठा बटणाच्या वर, जरासा उचललेला होता. ते मोजत नव्हते. मशीन दिवा जास्त उजळ करून परत त्याच जागी लावायचं, आणि टुक नाही. मला उठायचं होतं. बाहेर जायचं होतं, पाणी प्यायचं होतं, काहीही बोलायचं होतं. मी खुर्चीच्या दोन्ही कडा धरून बसले. बराच वेळ गेला. मग त्या पांढऱ्या कढईतून अण्णांचा आवाज आला, मान न हलवता.

"बाई, लई येळ झाला, काहीच दिसंना. मशीन बंद पडलं का?"

त्या क्षणी पडद्यावर दिवा लागलेला होता, मशीन लावू शकतं त्यातला सगळ्यात उजळ.

"न्हाय अण्णा," मी म्हणाले. "चालू हाय."

ते बरं म्हणाले. अंगठा त्यांनी तसाच उचललेला ठेवला.

त्याच महिन्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दाब उतरला. वरचं जे गेलं ते गेलंच, मधलं आणि खालचं टिकून आहे. आता वाती दुसरे करतात, अण्णा शेडबाहेर खुर्ची टाकून त्यांचे आकडे ऐकतात आणि चुकले की ओरडतात. थेंब चालू आहेत. ती गोळीही मॅडमनी चालू ठेवली आहे, त्याबद्दल मी आता कुणाशी काही बोलत नाही.

परवा पुन्हा तपासणी होती. उजवा झाला आणि पट्टी बदलताना अण्णा म्हणाले, चालू झालं की सांग. मी सांगितलं. मग सहा मिनिटं मशीन दिवे लावत राहिलं, टुक एकदाही झालं नाही, आणि मी खुर्चीवरून उठले नाही.